‘ताठ बस!’ म्हणण्याआधी: शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना खुलं पत्र

सर्व मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, खांदे, पाठ हा माझा रोजचा धंदा, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी मुलांचा भरणा बराच असतो. आईवडील घेऊन येतात. तक्रार पुष्कळदा दुखण्याची नसतेच. ‘हा पोक काढून बसतो, शाळेतून सारखं सांगतात,’ एवढंच असतं. गेल्या काही वर्षांत या वाक्याला एक शेपूट जोडलं गेलंय: ‘ताठ बसलं की आत्मविश्वास वाढतो म्हणे, मूड चांगला राहतो.’ मुलांकडूनच कळतं की वर्गात तशी पोस्टर लागली आहेत. परीक्षेच्या आधी सगळ्यांना उभं करून, कमरेवर हात, छाती पुढे, हनुवटी वर, अशी दोन मिनिटं ठेवणारे शिक्षकही आहेत.

हे पत्र त्या पोस्टरांमुळे लिहितेय. त्यातलं सगळंच खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण अर्धं खरं आहे, आणि शाळेत पोहोचतं ते नेमकं उरलेलं अर्धं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शरीर कसं ठेवलंय याचा मनावर परिणाम होतो, याबद्दल मला शंका नाही. पण तो दोन्ही बाजूंना सारखा होत नाही. अंग चोरून, वाकून, मान घालून बसावं लागलं की मन खचतं, हे पुन्हापुन्हा दिसलंय. साधेपणाने बसलेल्या माणसाने मुद्दाम छाती फुगवली म्हणून त्याचं मन तितकंच वर चढतं, याला तसा आधार नाही. त्यामुळे मुलांना ताठ करण्याच्या खटपटीत पडण्याआधी त्यांना वाकवणारं शाळेत काय काय आहे, ते बघा.

आता पोस्टरांचं मूळ. २०१० साली डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप या तिघा अमेरिकेतल्या संशोधकांनी ४२ जणांवर एक प्रयोग केला. काहींना ऐसपैस, जागा व्यापून बसवलं आणि उभं केलं, काहींना हातपाय आखडून. प्रत्येकाला दोन ठेवणी, एकेक मिनिट. ऐसपैस गटाला आपण वरचढ आहोत असं वाटलं, पैजेच्या खेळात त्यांनी जोखीम जास्त घेतली, आणि लाळेच्या तपासणीत त्यांचं टेस्टोस्टेरॉन (वर्चस्वाशी जोडलं जाणारं हार्मोन) वाढलेलं, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) उतरलेलं दिसलं. २०१२ मध्ये कडींचं टेड व्याख्यान झालं आणि ‘पॉवर पोझ’ जगभर गेली. मुलाखतीआधी स्वच्छतागृहात शिरून, दोन्ही हात वर करून उभी राहणारी मंडळी तेव्हापासूनची.

पुढची गोष्ट पोस्टरवर नसते. २०१५ मध्ये एव्हा रॅनेहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच प्रयोग २०० जणांवर केला. हार्मोन जागचे हलले नाहीत. जोखीम घेण्यातही फरक पडला नाही. ‘मला जरा जोर आल्यासारखं वाटतंय’ हे सांगणं तेवढं उरलं. २०१६ मध्ये कार्नी यांनी स्वतःच निवेदन काढून जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आता आपल्याला वाटत नाही. मूळ शोधनिबंधावर जिचं नाव पहिलं, तिने असं लेखी सांगणं सोपं नसतं. मला त्या बाईंबद्दल आदर वाटतो. कडी मात्र आपल्या मतावर, निदान भावनांपुरत्या, ठाम राहिल्या, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं चुकलंही नव्हतं.

कारण २०२२ मध्ये शंभराहून जास्त प्रयोग आणि जवळपास १० हजार माणसं एकत्र धरून एक मोठा आढावा निघाला. स्वतःबद्दल काय वाटतं, यावर देहाच्या ठेवणीचा परिणाम बऱ्यापैकी पक्का निघाला. वागण्यावरचा परिणाम कच्चा. हार्मोन, नाडी वगैरेंवर काही नाही. त्याच सुमाराला डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या आढाव्यात एक साधा प्रश्न विचारला गेला: तुलना कशाशी करताय? बहुतेक प्रयोगांत ऐसपैस बसलेल्यांची तुलना आक्रसून बसलेल्यांशी केली होती. फरक दिसला, पण तो एक गट वर गेल्यामुळे की दुसरा खाली आल्यामुळे, ते कळायला मार्ग नव्हता. ज्या थोड्या प्रयोगांत नेहमीसारखे बसलेले लोकही होते, त्यांकडे बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. फरकाचा मोठा वाटा आक्रसण्याचा होता.

म्हणजे ‘छाती काढा’ हा सल्ला जवळपास निरुपयोगी, आणि ‘कुणाला आक्रसायला लावू नका’ हा महत्त्वाचा. पहिला मुलांना देता येतो. दुसरा तुम्हालाच पाळावा लागतो. म्हणून पोस्टर पहिल्याचं निघतं, असं मला वाटतं. रागावू नका.

वाकून बसल्याने नेमकं काय होतं, हे मला सर्वांत चांगलं दिसलं ते न्यूझीलंडमधल्या २०१५ च्या एका प्रयोगात. त्यांनी वापरलेलं साधन माझ्या खणात रोज असतं, म्हणूनही असेल. आम्ही खांद्याला, पाठीला लावतो ती चिकट पट्टी. ७४ जणांच्या पाठीवर ती अशी लावली की निम्मे ताठ राहावेत आणि निम्मे वाकलेले. त्यांना सांगितलं होतं की पट्टीचा शरीरावर काय परिणाम होतो ते बघतोय. मग त्यांना चांगलंच ताण आणणारं काम दिलं: थोडक्या वेळात तयारी करून भाषण द्यायचं, आणि ते जोखलं जाणार. ताठ बसलेल्यांना भीती कमी वाटली, मूड बरा राहिला, स्वतःबद्दल जास्त चांगलं वाटलं. पण माझं लक्ष गेलं ते त्यांच्या भाषणांकडे. वाकलेल्यांच्या बोलण्यात ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ जास्त होतं, दुःखाचे आणि नकाराचे शब्द जास्त होते, आणि एकूण बोलणंच कमी होतं. पट्टीने माणसं स्वतःत मिटली होती. तोंडी परीक्षेला फळ्यासमोर उभा राहून पुटपुटणारा मुलगा डोळ्यांपुढे आणा.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच संशोधकांतल्या काहींनी नैराश्याची सौम्य ते मध्यम लक्षणं असलेल्या ६१ जणांवर तसंच करून बघितलं. ताठ बसवलेल्यांना थकवा कमी वाटला, उत्साह थोडा वाढला, बोलणंही वाढलं. म्हणजे आधीच वाकलेल्या माणसाला आधार देऊन सरळ केलं तर थोडं बरं वाटू शकतं. ‘थोडं’ हा शब्द कृपया गाळू नका. नैराश्य बरं झालं असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

त्याही आधीचा, १९८२ चा, जॉन रिस्किंड आणि कॅरोलिन गोटे यांचा प्रयोग तर तुमच्याच कामाचा आहे. काही विद्यार्थ्यांना आधी थोडा वेळ वाकून बसवलं, काहींना ताठ. नंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. वाकून बसलेल्यांनी लवकर हात टेकले. कोडी सुटणार नव्हतीच, प्रश्न एवढाच होता की कोण किती वेळ झटतो. आता तुमच्या वर्गात डेस्क इतकं खाली आहे की मूल दिवसभर त्यावर ओणवं होऊनच लिहितं, असं समजा. ते गणित अर्ध्यावर सोडतं, तेव्हा त्यात थोडा वाटा डेस्कचा असू शकतो. वर्गात कुणी हे मोजलेलं मी पाहिलेलं नाही, पण शक्यता मला दूरची वाटत नाही.

याच रिस्किंडने १९८४ मध्ये आणखी एक प्रयोग केला, आणि तो मला सगळ्यांत आवडतो, कारण पोस्टरवाल्यांची त्याने पंचाईत होते. या वेळी त्याने माणसं यशानंतर आणि अपयशानंतर वेगवेगळी बसवली. यशानंतर वाकवलेल्यांवर त्या यशाचा चांगला परिणाम कमी झाला, हे अपेक्षितच. पण अपयशानंतर जे वाकून बसले, त्यांना ताठ बसवलेल्यांपेक्षा कमी हताश वाटलं. हरलेल्या माणसाला थोडं ढेपाळू दिलं तर ते त्याच्या हिताचं ठरलं. शरीर आणि प्रसंग यांचा मेळ बसला पाहिजे. मार्क कमी पडलेल्या मुलाला त्याच क्षणी ‘काय असा बसलायस, सरळ बस’ म्हणण्यात त्याचं काही भलं होत नाही. त्याला तो तास वाकू द्या. दुसऱ्या दिवशी तो आपोआप सरळ होतोय का, तेवढं बघा.

हे सगळं होतं कशामुळे? १८८४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने मांडलं की आपण रडतो म्हणून दुःख होतं, दुःख होतं म्हणून रडत नाही. भावना म्हणजे शरीरात झालेल्या बदलांची जाणीव. पुढे १९२७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने त्याला जोरदार आक्षेप घेतले, आणि आज कुणी जेम्सचं म्हणणं जसंच्या तसं मानत नाही. पण शरीराकडून मेंदूकडे सतत निरोप जात असतात आणि ‘मला कसं वाटतंय’ हे ठरवताना मेंदू ते हिशेबात धरतो, एवढं त्यातून टिकलं. माझ्या टेबलाच्या बाजूने सांगायचं तर गोष्टी याहून साध्या आहेत. पोक काढल्यावर बरगड्यांना पुढे उघडायला जागा राहत नाही, पोट दाबलं जातं, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा पुरता खाली उतरू शकत नाही, श्वास वरच्यावर चालतो. मान खाली असली की नजरेला डेस्कची फळी आणि स्वतःचे हात एवढंच दिसतं. समोर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि त्याने मान डोलावलेलीही दिसत नाही. स्वतःत अडकायला एवढं पुरतं.

आता उलट बाजू. मन खचलं की शरीर वाकतं, हे तर कुणालाही सांगावं लागत नाही. जर्मनीतल्या योहानेस मिखालाक यांच्या गटाने २००९ मध्ये नैराश्याच्या रुग्णांची चाल मोजली. वेग कमी, हात कमी झुलतात, पावलागणिक होणारी वरखाली हालचाल कमी, वरचं धड वाकलेलं आणि बाजूला जास्त डोलणारं. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या जूडोपटूंच्या छायाचित्रांचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये छापून आला. जिंकल्यावर हात वर, छाती उघडी, डोकं मागे. हरल्यावर खांदे पडलेले, छाती आत. जन्मापासून अंध असलेल्या खेळाडूंनीही हेच केलं. त्यांनी कुणाला जिंकताना किंवा हरताना पाहिलेलं नव्हतं. पडलेले खांदे ही काही वाईट संगतीत लागलेली सवय नाही. ती माणसाच्या घडणीत आहे.

म्हणून वाकलेलं मूल दिसलं की दोन शक्यता एकदम धरा. वाकल्यामुळे त्याचं मन खाली जात असेल. किंवा मन खाली गेल्यामुळे ते वाकलं असेल. दुसऱ्या शक्यतेत ‘ताठ बस’ म्हणणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकणं.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी आली होती. वर्गात सगळ्यांत उंच. तक्रार तीच, शाळेतून आलेली. टेबलाच्या कडेला बसली ती दप्तर मांडीवर घेऊन, दोन्ही हात छातीवर आवळून, खांदे कानाला लागतील एवढे वर. पाठ तपासली. पूर्ण सरळ होत होती, दोन्ही बाजू सारख्या, दुखत कुठेच नव्हतं. मी म्हटलं, वर्गात कशी बसतेस ते करून दाखव. तिने खुर्ची ओढली, डेस्क आहे असं समजून बसली, आणि सांगायला लागली. डेस्कखालच्या कप्प्याला गुडघे आपटतात, म्हणून पाय बाहेर काढते. मधल्या वाटेत पाय आला की सर म्हणतात, आत घे. मग ती खाली घसरून बसते, म्हणजे गुडघे कप्प्याच्या पुढे जातात. तशी बसली की सर म्हणतात, सरळ बस. ‘आणि ग्रुप फोटोच्या वेळी म्हणतात, तू जरा वाक,’ असं म्हणून ती पहिल्यांदा हसली. मग विचारलं, ‘मी नक्की काय करू?’

माझ्याकडे तिच्यासाठी व्यायाम नव्हता. तिच्या पाठीचे स्नायू चांगले होते. वर्षभरात झपाट्याने वाढलेलं शरीर, त्याच्याकडे वळणाऱ्या नजरा, छाती झाकायची धडपड, आणि तिच्या मापाचं नसलेलं बाक, यांवर पोट-पाठीचे व्यायाम काय करणार? शिवाय सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन ‘ताठ बस’ म्हटलं की पस्तीस-चाळीस डोकी एकदम तिच्याकडे वळतात. जिला आधीच कुणी बघू नये असं वाटतं, ती त्या क्षणी आणखी आत जाते. पाठ तेवढ्यापुरती सरळ होत असेल. तुम्ही पाठ वळवल्यावर काय होतं, ते मला दिसतं.

ताठ बसवण्याच्या हौसेचा इतिहासही फारसा चांगला नाही. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगला मोरित्झ श्रेबर नावाचे डॉक्टर होते. मुलांचं शरीर सरळ म्हणजे चारित्र्य सरळ, यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी ‘गेराडहाल्टर’ म्हणजे सरळ धरणारं असं एक उपकरण बनवलं होतं. डेस्कला बसवलेली आडवी लोखंडी दांडी, जी मुलाच्या गळपट्टीच्या हाडांशी यायची. पुढे वाकलं की दांडी टोचणार. पुढे त्यांचा मुलगा, डानिएल पाउल, न्यायाधीश झाला, गंभीर मानसिक आजाराने रुग्णालयात राहिला, आणि १९११ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडने त्याच्यावर लिहिलं. वडिलांच्या उपकरणांचा मुलाच्या आजाराशी संबंध किती, यावर पुष्कळ वाद झालेत. मी त्यात पडत नाही. दांडी मात्र विसरता येत नाही. आजकाल ऑनलाइन मिळणारे, पोक काढलं की थरथरणारे पट्टे मला तिचीच नात वाटतात, आणि ते वापरायला सांगणाऱ्या शाळाही आहेत, म्हणून सांगितलं.

आमच्या क्षेत्रातही मत बदललं आहे, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण ‘ताठ बसलं नाही तर पाठ दुखेल’ हे तुम्ही आमच्याकडूनच शिकलात. २०१९ मध्ये फिजिओथेरपीच्या एका नामांकित नियतकालिकात आमच्यातल्याच काही जाणत्यांनी लिहिलं की एकच एक ‘योग्य’ बैठक असते आणि ती सांभाळली की पाठदुखी टळते, याला भक्कम पुरावा नाही. माणसांच्या पाठी वेगवेगळ्या असतात. कोणतीही बैठक फार वेळ धरून ठेवली की त्रास देते, ताठ बैठकसुद्धा. आपण विद्यार्थ्यांकडून मागतो ते काटकोनातलं बसणं तर शरीराला फारसं जमणारच नाही. डेन्मार्कचे सर्जन ए. सी. मान्दाल यांनी शाळेच्या बाकांचा याच अंगाने अभ्यास केला. त्यांचा मुद्दा असा की बसताना नव्वद अंशांपैकी साधारण ६० अंशच खुब्यातून वाकतात. उरलेले ३० अंश कमरेच्या मणक्यांना वाकावं लागतं. त्यात पुढच्या सपाट, बुटक्या डेस्कवर लिहायचं म्हटलं की मूल आणखी वाकणार. त्यांचा उपाय होता बसायची फळी थोडी पुढे उतरती आणि डेस्क उंच, आपल्याकडे कललेलं. सगळ्यांना तो पटला असं नाही, पण मोजमाप मुलाच्या शरीराचं घ्यावं, फळीचं नाही, हे त्यातलं म्हणणं बिनतोड आहे. युरोपात शाळेच्या फर्निचरसाठी ‘ईएन १७२९’ हे मानक आहे, आणि त्यात मुलांच्या उंचीनुसार वेगवेगळी मापं दिली आहेत. एका इयत्तेला एक बाक, ही कल्पनाच त्यात नाही. एकाच इयत्तेत उंचीत हातभर फरक असलेली मुलं तुम्ही रोज बघता.

बाक बदलायला पैसे लागतात, मान्य. पण एक गोष्ट आजच थांबवता येईल, आणि तिला एक पैसाही लागत नाही. शिक्षा म्हणून शरीर आखडायला लावणं. भिंतीकडे तोंड करून उभं करणं. डोकं बाकावर टेकवून, हात डोक्याखाली घालून बसवणं. वर्गासमोर मान खाली घालून उभं ठेवणं. छडी नाही, मार नाही, म्हणून या शिक्षा सौम्य वाटतात. वर सांगितलेल्या प्रयोगांत माणसाचं मन खाली आणायला जे केलं जातं, तेच इथे केलं जातंय, आणि तेही लाज वाटण्याच्या नेमक्या क्षणी. प्रयोगात ते काही मिनिटांचं असतं आणि शेवटी सगळं समजावून सांगतात. वर्गात समजावत नाहीत. एका हाताने पोस्टर लावायचं आणि दुसऱ्याने मूल भिंतीकडे वळवायचं, हे कसं चालेल?

उलट बाजूने, शाबासकी देताना मात्र ठेवण कामी येऊ शकते. १९९३ मध्ये जर्मनीत साबिने श्टेपर आणि फ्रिट्झ श्ट्राक यांनी बसण्याच्या पद्धतीचा अभ्यास आहे असं भासवून लोकांना वेगवेगळं बसवलं आणि कामात यश मिळाल्याचं सांगितलं. ती बातमी ताठ बसून ऐकणाऱ्यांना जास्त अभिमान वाटला. चांगल्या निबंधाची वही टाकून देण्याऐवजी मुलाला समोर बोलावून, तो तुमच्याकडे बघत असताना द्या. दहा सेकंदांचं काम आहे.

आता शरीराच्या दोन गोष्टी, ज्या शिक्षकांना माहीत असाव्यात असं मला फार वाटतं. वाढीच्या वयात काही मुलांच्या छातीच्या मागचे मणके पुढून चेपल्यासारखे, पाचरीच्या आकाराचे होतात. याला श्यूअरमनचा आजार म्हणतात. डॅनिश डॉक्टर होल्गर श्यूअरमन यांनी शंभर वर्षांपूर्वी त्याचं वर्णन केलं. या मुलांचं पोक त्यांच्या इच्छेने सरळ होत नाही. त्यांना पालथं झोपवून छाती उचलायला सांगितलं तरी पाठीचा तो भाग कडकच राहतो. त्यांना रोज ‘सरळ बस’ म्हणणं हे चष्मा नसलेल्याला ‘नीट बघ’ म्हणण्यापलीकडचं आहे, आणि ती मुलं ते ऐकून घेतात, कारण आपण आळशी आहोत असं त्यांनाही वाटायला लागलेलं असतं. दुसरं, एक खांदा वर, कंबरेची एक बाजू जास्त आत, आणि पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर मणका बाजूला वळत असू शकतो. हे वाढीच्या झपाट्यात पुढे जाऊ शकतं, म्हणून लवकर दाखवलेलं बरं. दोन्ही बाबतींत पालकांना बाजूला घेऊन सांगा. वर्गात नको.

आणि जे मूल आधी सरळ बसायचं, डबा खाताना गप्पा मारायचं, ते काही आठवड्यांत वाकायला लागलं, कोपऱ्यात बसायला लागलं, हात वर करेनासं झालं, तर माझ्याकडे पाठवू नका. त्याला माझ्याकडचं काही लागत नाहीये. आधी त्याच्याशी कुणीतरी, शक्यतो ज्याच्याशी ते बोलतं अशा कुणीतरी, एकट्याला गाठून बोला, आणि मग समुपदेशकाकडे न्या. मूड सुधारायला ताठ बसवणं हा त्यावरचा उपाय नाही, आणि ‘शाळेने सांगितलं होतं, व्यायाम चालू आहेत’ असं म्हणत त्यात महिने गेलेले मी बघितले आहेत.

तुम्ही विचाराल, मग वर्गात करायचं काय? फार काही नाही. तासातून एकदा सगळ्या वर्गाला उठवा. कारण सांगायची गरज नाही, कवायत नको, मोजणी नको. वह्या पुढे द्या म्हणा, जागा बदला म्हणा, फळ्याजवळ येऊन बघा म्हणा. वाचायचं पुस्तक हातात धरून वाचू द्या, डेस्कवर सपाट ठेवायची सक्ती नको. मान आपोआप वर येते. उंच मुलांना कप्पा नसलेलं डेस्क द्या किंवा कप्प्याची फळी काढून टाका, दोन स्क्रू असतात. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांच्या पायाखाली काहीतरी ठेवा; लोंबकळणाऱ्या पायांनी कुणीच सरळ बसू शकत नाही. आणि एखाद्याची पाठ फारच खटकत असेल तर जवळ जाऊन हळूच विचारा, ‘बसायला नीट आहे ना?’ त्या प्रश्नाला उत्तर मिळतं. ‘ताठ बस’ला उत्तर नसतं.

परीक्षेआधीची दोन मिनिटांची पोझ बंदच करा असं मी म्हणत नाही. मुलांना गंमत वाटत असेल, हसू येत असेल, तर हसण्याने तरी ताण उतरेल. फक्त त्याने हार्मोन बदलतात असं सांगू नका. विज्ञानाच्या तासाला तुम्हीच त्यांना पुरावा मागायला शिकवता.

शेवटची विनंती मुख्याध्यापकांना आहे. पुढच्या वर्षीची बाकं मागवायची वेळ आली असेल किंवा येईल. मुलांच्या उंचीची नोंद आरोग्य तपासणीच्या कार्डांवर शाळेत असतेच. एका इयत्तेतलं सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटकं मूल बघा, मधल्या मुलांची साधारण विभागणी करा, आणि तो कागद दरपत्रकासोबत बाकं बनवणाऱ्याला द्या. एका वर्गात निदान दोन मापं तरी मागा. तो म्हणेल, सगळ्या शाळा एकच माप घेतात, वेगळं बनवायला वेळ लागेल. लागू द्या. आणि घ्यायच्या आधी नमुन्याचं एक बाक मागवून त्यावर नववी-दहावीतल्या सगळ्यांत उंच मुलीला बसवा, गुडघे कुठे येतात ते बघा, मगच सही करा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट